मार्गनिर्देशन, सुगम (संकेतस्थळांवरील)

संकेतस्थळाच्या वाचकास आपण सध्या कोठे आहोत, येथून कोठे जाता येईल आणि आलेल्या वाटेने परत कसे फिरावे, हे कळावे म्हणून केलेल्या शीर्षके, सूची, दुवे, शोधपेटी इ. योजनांना मार्गनिर्देशन म्हणतात. दृष्टी, श्रवण, हालचाल, स्मरण किंवा आकलन यांबाबत भिन्न क्षमता असलेल्या व्यक्तींना ही योजना दुसऱ्याच्या मदतीवाचून वापरता येत असेल, तर तिला सुगम मार्गनिर्देशन ही संज्ञा लावतात. संज्ञा संगणकयुगातील असली, तरी तिच्यामागील प्रश्न जुना आहे. वाट दाखविणारी खूण ज्याच्यापर्यंत पोहोचत नाही, त्याच्या दृष्टीने वाट असून नसल्यासारखीच असते. कोकणातील आंजर्ले या गावाचे उदाहरण घेतल्यास हा प्रश्न कसा उद्‌भवला व त्याची उत्तरे कशी सापडत गेली, हे समजणे सोपे जाते.

आंजर्ले येथील दोन वाटा : रत्नागिरी जिल्ह्याच्या दापोली तालुक्यातील हे गाव जोग नदीच्या खाडीच्या मुखाशी, उत्तर तीरावर वसले आहे. त्याच्या दक्षिणेस हर्णै बंदर व सुवर्णदुर्ग हा जलदुर्ग आहे. गावालगतच्या टेकडीवरील गणपतीचे मंदिर ‘कड्यावरचा गणपती’ या नावाने महाराष्ट्रभर परिचित आहे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात त्याचा जीर्णोद्धार झाला. खाडीवर पूल होण्यापूर्वी दक्षिणेकडून येणारा यात्रेकरू होडीने खाडी ओलांडी आणि गावातून पायऱ्यांच्या वाटेने टेकडी चढून जाई. या वाटेवर खडकातील एक ठसा गणपतीचे पाऊल म्हणून दाखविला जातो. पूल व रस्ता झाल्यानंतर वाहनानेही मंदिरापर्यंत जाता येऊ लागले. देवस्थान आपल्या जागीच राहिले आणि तेथे जाण्याची दुसरी वाट झाली. त्यामुळे ज्यांना चढ झेपत नाही, त्यांनाही दर्शन सुलभ झाले.

परंतु दुसरी वाट असणे आणि ती असल्याचे आधी कळणे, या वेगवेगळ्या गोष्टी आहेत. पूर्वी ही माहिती होडीवाला किंवा गावकरी तोंडी देई. विचारणारा वृद्ध असेल, तर चढ किती आहे व विसावा कोठे घ्यावा हे तो सांगे. अंध असेल, तर हात धरून पुढे नेई. जाणता वाटाड्या समोरच्या माणसाप्रमाणे आपली माहिती बदलतो. हीच माहिती फलकावर लिहिली, की ती सर्वांसाठी एकाच रूपात स्थिर होते. फलक न दिसणारा, लिपी न येणारा किंवा मजकुराचा अर्थ न उमगणारा मनुष्य तिच्यापासून वंचित होतो. स्थिर खुणेला वाटाड्याचा हा गुण कसा द्यावा, हाच सुगम मार्गनिर्देशनाच्या इतिहासाचा गाभा होय.

पूर्वपीठिका : या प्रश्नाचे एक परिपक्व उत्तर नौकानयनात आढळते. दीपगृहाची ओळख दिवसा त्याच्या आकारावरून व रंगावरून, तर रात्री त्याच्या प्रकाशाच्या लयीवरून पटते. धुक्यात ध्वनिसंकेतांचा उपयोग करीत. बंदराच्या प्रवेशमार्गावरील तरत्या बोयांबाबत वेगवेगळ्या देशांत भिन्न व कधी परस्परविरोधी पद्धती रूढ होत्या. १९८० मधील आंतरराष्ट्रीय करारान्वये त्या दोन विभागांत एकत्रित करण्यात आल्या. भारताचा समावेश असलेल्या ‘अ’ विभागात समुद्रातून बंदरात शिरताना डाव्या हाताचा बोया लाल व डब्याच्या आकाराचा, तर उजव्या हाताचा हिरवा व शंकूच्या आकाराचा असतो. म्हणजे एकच अर्थ रंग व आकार या दोन रूपांत व्यक्त होतो. लाल व हिरवा यांतील भेद ज्याला नीट कळत नाही, त्याला आकार उपयोगी पडतो. शिवाय ही खूण एका बंदरात एक व दुसऱ्यात दुसरी अशी बदलत नाही. अर्थाची दुहेरी अभिव्यक्ती व खुणांची एकरूपता ही दोन्ही तत्त्वे पुढे संकेतस्थळांच्या रचनेतही महत्त्वाची ठरली.

जमिनीवर स्पर्शाच्या साहाय्याने वाट दाखविण्याचे प्रयत्न विसाव्या शतकात झाले. जपानमध्ये सेइची मियाके यांनी १९६५ मध्ये उठावाच्या फरशा तयार केल्या व १९६७ मध्ये ओकायामा येथे रस्ता ओलांडण्याच्या जागी त्या प्रथम बसविण्यात आल्या. पायाखालचे गोल उंचवटे थांबण्याची, तर लांब पट्ट्या पुढे जाण्याची सूचना देतात. अशा फरशा आता भारतातील अनेक रेल्वे व मेट्रो स्थानकांवर आढळतात.

वाचनाच्या क्षेत्रात लुई ब्रेल (१८०९–५२) या अंध फ्रेंच शिक्षकाने सहा टिंबांची लिपी सिद्ध केली. ती १८२९ मध्ये प्रसिद्ध झाली. मुंबईत १९०० मध्ये ॲना मिलार्ड यांनी अंधांसाठी शाळा सुरू केली. ती पुढे दादर येथील अंधशाळा म्हणून ओळखली गेली. भारतीय भाषांसाठी आरंभी निरनिराळ्या ब्रेल पद्धती प्रचलित होत्या. १९५१ मध्ये भारती ब्रेल ही समान पद्धती स्वीकारण्यात आली. तीत एकाच उच्चाराच्या अक्षराला सर्व भारतीय भाषांत बहुधा एकच चिन्ह असते. १९५२ मध्ये मुंबईत राष्ट्रीय अंध संघाची (नॅबची) स्थापना झाली.

डोळस वाचक पृष्ठावरून नजर फिरवून हवे ते शीर्षक क्षणात शोधतो. बोट किंवा कान यांना मात्र मजकूर क्रमानेच घ्यावा लागतो. ध्वनिफितीवरील पुस्तकात ही अडचण विशेष जाणवे. पाचवे प्रकरण ऐकण्यासाठी फीत पुढे-मागे फिरवीत बसावे लागे. तिच्यावर उपाय म्हणून डेझी ही बोलक्या पुस्तकांची अंकीय पद्धती विकसित झाली व १९९६ मध्ये तिच्या प्रसारासाठी आंतरराष्ट्रीय संघ स्थापन झाला. या पद्धतीत ध्वनीला प्रकरणे, उपशीर्षके व पृष्ठे यांची रचना जोडलेली असल्याने श्रोता थेट हव्या त्या भागावर जाऊ शकतो. क्रमाने ऐकणाऱ्यालाही उडी मारता आली पाहिजे, हा विचार येथे स्पष्ट झाला.

संगणक आणि देवनागरी : टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ मध्ये मांडलेली विश्वव्यापी जाळ्याची कल्पना १९९१ पासून सर्वांसाठी खुली झाली. आरंभीची पृष्ठे मुख्यतः मजकुराची होती. पडद्यावरील मजकूर कृत्रिम आवाजात वाचून दाखविणाऱ्या स्क्रीन रीडर या आज्ञावलीला ती वाचणे फारसे अवघड नव्हते. जॉज ही अशी आज्ञावली १९८९ मध्ये बाजारात आली. नंतर चित्रे, नकाशे व चित्ररूप बटणे वाढत गेली. चित्रामागे शब्द दिलेला नसेल, तर स्क्रीन रीडर गप्प राहतो किंवा निरर्थक नाव वाचतो. अशा रीतीने, दिसणाऱ्यांसाठी सजविलेली वाट न दिसणाऱ्यांसाठी बंद झाली.

मराठीत यापूर्वीच एक वेगळा अडथळा उभा होता. संगणकाला अक्षराचे रूप नव्हे, तर त्याचा संकेतांक कळतो. प्रारंभीच्या अनेक देवनागरी अक्षरसंचांत रोमन अक्षरांच्या संकेतांकांवर देवनागरी अक्षरांच्या आकृत्या बसविलेल्या होत्या. पडद्यावर ‘आंजर्ले’ असे दिसे. आतमध्ये मात्र रोमन अक्षरांची व चिन्हांची असंबद्ध रांग असे आणि स्क्रीन रीडर तीच वाचे. या मजकुरात एखादा शब्द शोधणे डोळस वाचकालाही शक्य होत नसे. भारतीय लिप्यांसाठी इस्की ही संकेतप्रणाली १९९१ मध्ये राष्ट्रीय मानक म्हणून मान्य झाली. तिच्या प्रसारात पुण्याच्या सी-डॅक या संस्थेचा मोठा वाटा होता. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या युनिकोड या जागतिक प्रणालीच्या पहिल्या आवृत्तीत देवनागरीचा अंतर्भाव होता. युनिकोडमध्ये ‘कि’ लिहिताना आधी क व नंतर इकार साठविला जातो. पडद्यावर वेलांटी आधी दिसली, तरी साठवणीचा क्रम उच्चाराचाच राहतो. भारती ब्रेलमधील क्रमही असाच आहे. त्यामुळे युनिकोडमधील मराठी मजकूर आवाजात किंवा ब्रेलमध्ये रूपांतरित करणे शक्य झाले. २००६ मध्ये ऑस्ट्रेलियात आरंभ झालेला एनव्हीडीए हा विनामूल्य स्क्रीन रीडर आणि मराठी उच्चार करणाऱ्या वाणी-आज्ञावल्या यांमुळे हे साधन सामान्य वाचकाच्या आवाक्यात आले. पुढे भ्रमणध्वनीतच अशी सोय मिळू लागली. तथापि जुन्या अक्षरसंचांतील मजकूर आणि कागदांची छायाचित्रे तशीच संकेतस्थळांवर ठेवली, की हा अडथळा पुन्हा निर्माण होतो.

जागतिक निकष : वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्टियम या संस्थेने १९९७ मध्ये सुगमतेसाठी स्वतंत्र उपक्रम सुरू केला व १९९९ मध्ये आशय-सुगमतेची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. त्यांची दुसरी आवृत्ती २००८ मध्ये निघाली. तिचे सुधारित पाठ २०१८ व २०२३ मध्ये आले. आशय इंद्रियांना जाणवणारा, निरनिराळ्या साधनांनी चालविता येणारा, समजणारा आणि बदलत्या तंत्रातही टिकणारा असावा, अशी चार मूलतत्त्वे त्यांत आहेत.

या तत्त्वांच्या अवहेलनेचे एक गाजलेले प्रकरण ऑस्ट्रेलियात घडले. २००० सालच्या सिडनी ऑलिंपिकच्या संकेतस्थळावर चित्रांना पर्यायी मजकूर नव्हता. वेळापत्रकाच्या पृष्ठावरून क्रीडाप्रकारांच्या सूचीकडे अंध वाचकास जाता येत नव्हते. एका अंध नागरिकाच्या तक्रारीवरून तेथील मानवी हक्क आयोगाने हा भेदभाव ठरविला आणि संयोजन समितीला २०,००० ऑस्ट्रेलियन डॉलर भरपाई देण्याचा आदेश दिला. माहिती संकेतस्थळावर उपलब्ध होती. तिच्याकडे जाणारी वाट नव्हती. वाट नसणे हादेखील माहिती नाकारण्याचा प्रकार होय, हे या निर्णयाने प्रस्थापित केले.

रचनेची तत्त्वे : सुगम मार्गनिर्देशनाची प्रमुख अंगे पुढीलप्रमाणे सांगता येतील. (१) शीर्षके केवळ ठळक अक्षरांत न लिहिता संकेतनातही शीर्षके म्हणून नोंदवावी लागतात. तसे केल्यास स्क्रीन रीडर वापरणारा वाचक कळफलकावरील एका कळीने शीर्षकाकडून शीर्षकाकडे जातो. (२) प्रत्येक पृष्ठाच्या आरंभी असलेली लांब सूची ओलांडून थेट मुख्य मजकुराकडे नेणारा दुवा असावा. ही सोय नसल्यास अंध वाचकाला तीच सूची प्रत्येक पृष्ठावर पुन्हा ऐकावी लागते. (३) माउस हाताळू न शकणाऱ्यांसाठी सर्व दुवे व बटणे कळफलकाने चालावीत आणि त्या वेळी निवडलेला घटक चौकटीने स्पष्ट दिसावा. (४) दुव्याच्या शब्दांतून तो कोठे नेतो हे कळावे. स्क्रीन रीडर पृष्ठावरील सर्व दुव्यांची यादी स्वतंत्रपणे वाचू शकतो. त्या यादीत ‘येथे क्लिक करा’ हेच शब्द दहा वेळा आले, तर तिचा काही उपयोग होत नाही, ‘एस. टी. वेळापत्रक’ असे म्हटल्यास होतो. (५) सूचीतील घटकांचा क्रम व नावे सर्व पृष्ठांवर सारखी ठेवावीत. स्मरणशक्ती किंवा आकलन यांत अडचण असलेल्यांना या एकरूपतेचा विशेष आधार वाटतो. (६) एकाच पृष्ठाकडे सूची, शोध, स्थळाचा आराखडा यांपैकी किमान दोन मार्गांनी जाता यावे. (७) केवळ रंगाने अर्थ सुचवू नये. अक्षरे व पार्श्वभूमी यांच्या उजळपणाचे गुणोत्तर सामान्य मजकुरासाठी किमान ४·५ : १ असावे आणि अक्षरे दुप्पट मोठी केली, तरी मजकूर कापला जाऊ नये. (८) स्पर्शाने चालविण्याची बटणे कंप असलेल्या हातालाही नेमकी दाबता येतील, इतकी मोठी व सुटी असावीत.

मराठी संकेतस्थळांना आणखी दोन गोष्टी पाळाव्या लागतात. पृष्ठाची भाषा मराठी असल्याची नोंद संकेतनात करावी लागते. ती इंग्रजी अशी राहिली, तर स्क्रीन रीडर चुकीचा आवाज निवडतो आणि मजकूर अनाकलनीय होतो. दुसरे म्हणजे, स्थलनामांची लेखनरूपे अनेक असतात. ‘आंजर्ले’ व ‘अंजर्ले’ यांपैकी कोणतेही रूप लिहिले, तरी शोधाने त्याच पृष्ठाकडे न्यावे. अन्यथा शुद्धलेखनात कच्च्या असलेल्या वाचकाला ती माहितीच नाही असे वाटेल.

कायदेशीर स्थिती : २०११ च्या जनगणनेनुसार भारतात सु. २·६८ कोटी व महाराष्ट्रात सु. २९·६ लाख अपंग व्यक्ती होत्या. वार्धक्यामुळे दृष्टी किंवा हातांची पकड मंदावलेल्यांची गणना यात बव्हंशी होत नाही. संयुक्त राष्ट्रांचा अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीचा करार २००६ मध्ये संमत झाला व भारताने २००७ मध्ये त्यास अनुसमर्थन दिले. शासकीय संकेतस्थळांसाठी २००९ मध्ये राष्ट्रीय मार्गदर्शक सूचना तयार झाल्या. त्यांची तिसरी आवृत्ती २०२३ मध्ये निघाली. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा १९ एप्रिल २०१७ पासून अंमलात आला. त्याने अपंगत्वाचे मान्य प्रकार ७ वरून २१ केले आणि माहिती व संपर्क यांच्या साधनांची सुगमता हे शासनाचे कर्तव्य ठरविले. तथापि या अधिनियमाखालील सुगमतेविषयीचा नियम केवळ शिफारसवजा असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुडी प्रकरणात नमूद केले. तो मूळ अधिनियमाशी विसंगत ठरवून बंधनकारक निकष आखण्याचा आदेश दिला. ३० एप्रिल २०२५ च्या निर्णयात अंकीय सेवांपर्यंत पोहोचण्याचा हक्क हा राज्यघटनेच्या २१ व्या अनुच्छेदातील जीविताच्या हक्काचाच भाग असल्याचे न्यायालयाने म्हटले. ओळख पटविण्यासाठी कॅमेऱ्यासमोर डोळ्यांची उघडझाप करावी लागत असल्याने अंध व्यक्ती आणि आम्लहल्ल्यात चेहरा व डोळे यांना इजा झालेल्या व्यक्ती बँक-खात्यासारख्या सेवांपासून दूर राहत होत्या, हे या खटल्याचे मूळ होते.

या हक्काचे महत्त्व खेड्यात अधिक जाणवते. महाराष्ट्र शासनाचे ‘आपले सरकार’ हे सेवास्थळ २०१५ मध्ये सुरू झाले. अंकीय स्वाक्षरीचा सातबारा उतारा २०१८ पासून जाळ्यावरून मिळू लागला. तालुक्याच्या ठिकाणी होणारा हेलपाटा यामुळे वाचतो. परंतु अक्षरांचे वेडेवाकडे चित्र ओळखून लिहिण्याची कॅप्चा ही कसोटी ध्वनिरूप पर्यायावाचून ठेवली, की अंध खातेदाराला आपल्याच जमिनीचा उतारा काढण्यासाठी दुसऱ्यावर विसंबावे लागते. त्यासाठी सांकेतिक शब्द व भ्रमणध्वनीवर आलेला गुप्त अंकही त्याला दुसऱ्याच्या हाती द्यावा लागतो. म्हणून असुगम वाट ही गैरसोयीपुरती मर्यादित राहत नाही. तिच्यामुळे मालमत्ता व खाजगीपणा हे दोन्ही धोक्यात येतात.

गावाच्या माहितीचे उदाहरण : आंजर्ल्यासारख्या गावाची माहिती देणाऱ्या संकेतस्थळाला वरील तत्त्वे लावल्यास ते कसे असावे, हे सांगता येते. मंदिराच्या पृष्ठावर दोन्ही वाटा समान ठळकपणे याव्यात. पायऱ्या किती, कठडा व विसाव्याच्या जागा कोठे, वाहन थांबते तेथून गाभाऱ्यापर्यंत किती अंतर व किती पायऱ्या उरतात, हे मोजून शब्दांत लिहावे. नकाशा द्यावा, पण ‘पूल ओलांडल्यावर कोणत्या हाताला वळावे’ असे वर्णनही त्यासोबत असावे. भरती-ओहोटीच्या वेळा चित्राऐवजी वाचता येण्याजोग्या कोष्टकात असाव्यात. येथील किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले जातीची समुद्री कासवे अंडी घालण्यास येतात व पिले समुद्रात सोडण्याचा प्रसंग पाहण्यास पर्यटक जमतात. त्याविषयीची सूचना केवळ चित्ररूपाने प्रसृत केल्यास ती अंध वाचकापर्यंत पोहोचत नाही व मंद जाळ्यावर इतरांनाही मिळत नाही. शब्दांत दिल्यास ती दोघांनाही मिळते. एका गरजेसाठी केलेली सोय अनेकांच्या कामी येते, याचा अनुभव या क्षेत्रात वारंवार येतो. उन्हात पडदा नीट न दिसणारा पर्यटक, हाताला दुखापत झालेला तरुण व मराठी नव्याने शिकणारा प्रवासी या सर्वांना स्पष्ट शीर्षके व ठसठशीत अक्षरे उपयोगी पडतात.

परीक्षण : चित्रांचे पर्यायी शब्द, उजळपणाचे गुणोत्तर, भाषेची नोंद इ. बाबी आज्ञावलीच्या साहाय्याने तपासता येतात. परंतु पर्यायी शब्द अर्थपूर्ण आहेत की नाहीत, घटकांचा क्रम समजतो की नाही, हे यंत्राला सांगता येत नाही. एक पूर्ण काम, उदा., एस. टी.ची वेळ शोधणे किंवा अर्ज भरणे, आरंभापासून शेवटपर्यंत माउसवाचून व पडदा न पाहता करून पाहणे ही सोपी परंतु उद्‌बोधक कसोटी होय. त्याहून महत्त्वाचे म्हणजे निरनिराळ्या क्षमतांच्या व्यक्तींनाच रचनेच्या आरंभापासून सहभागी करून घ्यावे लागते. मुंबईच्या सेंट झेवियर महाविद्यालयात २००३ मध्ये स्थापन झालेल्या दृष्टिबाधितांच्या साधनकेंद्रासारख्या संस्थांनी या दृष्टीने उल्लेखनीय कार्य केले आहे. केवळ मजकुराची वेगळी ‘अपंगांसाठी आवृत्ती’ काढण्याचा प्रघात आरंभीच्या काळात होता. अशी आवृत्ती अद्ययावत राहत नाही व वाचकांची विभागणी करते, असे आढळून आल्याने तो मागे पडला. एकच पृष्ठ अनेक रूपांत ग्रहण करता यावे, हीच पद्धती आता ग्राह्य मानली जाते. जाणता वाटाड्या माणूस पाहून जे तोंडी करीत असे, ते स्थिर मजकुरात आगाऊ योजून ठेवण्याचा हा प्रयत्न होय. त्याचे यश वाचक कोणाचीही मदत न घेता इच्छित पृष्ठापर्यंत पोहोचतो की नाही, यावरूनच ठरते.